हौश्याच्या गळ्यातली घुंगरं

चित्रपट अगदी शेवटाला आला होता आणि लाइट गेली.

अमरावतीत राजकमल चौकाजवळच्या एका टॉकीजमध्ये तेव्हा रविवारी सकाळी इंग्रजी चित्रपट लागत. त्या दिवशीचा चित्रपट बॅले नाचणाऱ्या दोन बहिणींचा होता. धाकटी नाचत नाचत मोठी झाली, देशोदेशी फिरू लागली. थोरलीनं लग्न केलं, तिला पोरं झाली, आणि तिचे नाचाचे जोडे कपाटातल्या वरच्या फळीवर गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी धाकटीची नाचमंडळी थोरलीच्या गावी येते. ऐन वेळी एक नाचणारी आजारी पडते आणि थोरलीला निरोप येतो, येशील का? थोरली येते. नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी उभी राहते. हातात ते जुने जोडे. आत वाद्यं सुरू झालेली, घरी नवरा जेवायचा थांबलेला. ती दाराच्या मुठीवर हात ठेवते...

आणि अंधार.

मागच्या रांगांतल्या कॉलेजच्या पोट्ट्यांनी शिट्ट्यांनी टॉकीज डोक्यावर घेतली. मॅनेजर बॅटरी घेऊन आला आणि म्हणाला, "लाइट संध्याकाळशिवाय येत नाही. शेवट पुढच्या रविवारी दाखवू." पुढच्या रविवारी सुभद्रा आणि पौर्णिमा नटूनथटून गेल्या, तर पडद्यावर भलताच, घोड्यांच्या शर्यतीचा चित्रपट.

मग त्या दोघींनी आपापला शेवट करून टाकला. अंबादेवीच्या रस्त्यानं पायी येताना पौर्णिमा म्हणाली, "ती आत जाते. जाणारच. नाहीतर जोडे कशाला आणले हातात?"

सुभद्रा म्हणाली, "नाही गं. ती पायरीवर बसते. आतलं वाजणं पूर्ण ऐकते आणि मग घरी जाते."

"काय रडका शेवट आहे तुझा!"

"रडका कुठं? ऐकून जाते ना. सगळं ऐकते."

तेव्हा दोघी विशीच्या होत्या. हसत हसत भांडल्या आणि रसवंतीच्या बाकावर बसून रस प्यायल्या. आपण आपल्याविषयी बोलतोय हे दोघींना कळत होतं की नाही, ते आता सांगता यायचं नाही.

त्या चित्रपटाला त्यांना देवीदास मास्तरांनी धाडलं होतं. मास्तर कथक शिकवत. बुधवारा भागात एका धान्याच्या गोदामावरच्या माडीत त्यांचा क्लास होता. खालून तुरीच्या पोत्यांचा वास आणि वर तबला. "पाहून या," ते म्हणाले होते, "त्या बाया अंगठ्यावर कशा उभ्या राहतात ते पाहा. पण घरी जाऊन करून पाहू नका. पाय मोडले तर तुमचे बाप माझे मोडतील."

मास्तरांची एक रीत होती. शिष्येची तयारी झाली की ते तिला घुंगरं देत. ती एका ओळखीच्या ओताऱ्याकडून मुद्दाम ओतून घेतलेली असत, जरा जाड पितळेची, आवाज खोल, विहिरीत बोलल्यासारखा. पण ती सुटी देत. ओवून कधीच देत नसत.

"घरी न्या," ते सांगत. "घरच्यांनी ओवायची. बापानं, आईनं, भावानं, ज्याच्या ज्याच्या हातात तुमचं जाणंयेणं आहे त्यानं. एकेका घुंगराला वेगळी गाठ. तशी ओवून आणली तर पुढचं शिकवीन."

परवानगी मागायची ती त्यांची पद्धत होती. दुपारभर मांडी घालून मुलीच्या घुंगरांना गाठी मारत बसलेला बाप नंतर 'मला काय माहीत' असं म्हणू शकत नाही, हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. पौर्णिमेच्या वडिलांनी, ते कोर्टात कारकून होते, एकही गाठ मारली नाही. तिच्या आईनं आणि थोरल्या भावानं मारल्या. सुभद्रेचे वडील देवळाबाहेर हार विकत. त्यांनी सगळीच्या सगळी स्वतः ओवली, हार ओवायच्या गाठीनं, दुहेरी फास आणि वरून एक उलटा वेढा. "फूल सुकून गळन, पण गाठ नाही सुटायची," असं म्हणत त्यांनी दोरी दातानं तोडली होती.

त्या घुंगरांवर सुभद्रा तीन-चार वर्षं नाचली. मग तिचं लग्न वरूडला, संत्र्यांची बाग असलेल्या घरात झालं.

सासर चांगलं होतं. नवरा सूर्यभान स्वतःच म्हणाला होता, "नाच सोडाची काई गरज नाही. आठवड्यातून एक दिवस एसटीनं अमरावतीले जात जा. मी स्टँडवर सोडून देईन." पोळा झाला की जायचं ठरलं होतं. घुंगरं ट्रंकेत तळाशी, मलमलच्या फडक्यात होती.

पोळ्याच्या दिवशी सकाळी सुभद्रा पुरण वाटत होती. सासूबाई ट्रंकेतून नव्या सुनेचं लुगडं काढायला गेल्या, फडक्याचं गाठोडं हाताला लागलं, आणि त्या तशाच ओरडत ओसरीवर आल्या. "अहो, पाहा ना! सुनबाईनं माहेराहून बैलाले घुंगरं आणले! अन बोलली नाही पोट्टी!"

कास्तकाराच्या घरात दुसरं काय वाटणार? पायात बांधायची घुंगरं त्या घरात कुणी कधी पाहिलीच नव्हती. घुंगरं म्हणजे बैलाची. सासरे वामनराव मोठे हौशी माणूस, म्हणून त्यांच्या आवडत्या बैलाचं नावही हौश्या. त्यांनी दोन्ही जोड एकाला एक बांधून मोठी माळ केली आणि हौश्याच्या गळ्यात घातली. सुभद्रा पुरणानं भरलेल्या हातांनी दारात आली तेव्हा हौश्या अंगणात उभा होता, शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, आणि गळ्यात तिच्या वडिलांच्या हातच्या गाठी.

तोरणाखाली सगळ्या गावाच्या बैलजोड्या उभ्या होत्या. वामनराव ज्याला त्याला सांगत होते, "आमच्या सुनेनं आणले. माहेराहून. असा आवाज आहे का कोणाच्या बैलाचा?" लोक माना हलवत होते, नाही बापा, असा आवाज नाही. तिथं मध्ये जाऊन काय सांगायचं? मामंजी, ती माझी आहेत, मी ती बांधून नाचते? सुभद्रा आत आली आणि चुलीपुढे बसून हसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं आहे की कशाचं, ते तिचं तिलाही कळेना.

संध्याकाळी हौश्याची पूजा झाली. सासूबाईंनी घुंगरांनाही हळदकुंकू लावलं. पोळ्याला बैलाच्या अंगावर चढलेलं त्याचंच झालं. पुढच्या एसटीच्या आधी मनोजची चाहूल लागली. पौर्णिमा भोपाळला एका मोठ्या गुरूंकडे निघून गेली. मास्तर वारले. कुणी तिला नाच सोड म्हटलं नाही. दरवर्षी पोळ्याला चिंच लावून घुंगरं घासायचं काम मात्र सुभद्रेचं होतं आणि हौश्याच्या गळ्यात माळ बांधायचंही. दुसऱ्यानं बांधायला घेतली की तो मान झटकत असे.

\*

आता सुभद्रा सत्तरीला टेकली होती. सूर्यभान जाऊन काही वर्षं झाली होती. मनोजचं अकोल्यात कृषी केंद्र होतं, बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं. वरूडची बाग त्याचा चुलतभाऊ नितेश पाहत होता. बैल केव्हाच गेले होते. पोळ्याला आता ट्रॅक्टर धुऊन सजवत, आणि त्याच्या तोंडाला हौश्याची माळ बांधत. ती माळ वर्षभर मनोज अकोल्यात स्वतःच्या कपाटात ठेवी, पोळ्याला सोबत नेई. कुणाला हात लावू देत नसे. लहानपणी तो त्या आवाजावर झोपला होता. माळ वाजली की त्याला आजोबा दिसत.

यंदाच्या पोळ्याआधी घरात वेगळंच सुरू होतं. मनोजची मुलगी अपेक्षा हिला कृषी विद्यापीठात पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली होती. मनोजला स्वतःला एकेकाळी ती मिळाली नव्हती, म्हणून त्यानं गल्लीभर पेढे वाटले. आणि त्याच आठवड्यात अपेक्षानं सांगितलं, "बाबा, मला भोपाळला जायचंय. पौर्णिमाताईंकडे."

पौर्णिमेनं नागपूरच्या एका कथक शिबिरात अपेक्षाला नाचताना पाहिलं होतं. ही सुभद्रेची नात हे तिला नंतर कळलं. तिनं अपेक्षाला सांगितलं होतं, येऊन राहायचं, निदान काही वर्षं, दुसरं काही करायचं नाही. आणि यायचं तर घुंगरं घरच्यांनी ओवलेली आणायची.

मास्तरांची रीत तिनं सोडली नव्हती.

अपेक्षानं सुटी घुंगरं आणि सुती दोरी आणून देवघराजवळच्या फळीवर ठेवली. तिच्या आईनं, प्राजक्तानं, दोनचार ओवली आणि नवऱ्याचा चेहरा पाहून खाली ठेवली. मनोजनं त्या पिशवीकडे पाहिलंही नाही. आणि सुभद्रेनंही हात लावला नाही.

"आजी, तू तरी," अपेक्षा म्हणाली.

"पाहू," सुभद्रा म्हणाली.

कारण मनोज काय विचारेल हे तिला माहीत होतं, आणि त्यानं ते विचारलंच. अकोल्याहून अमरावतीला जाताना, गाडीत. पौर्णिमेचा अमरावतीत सत्कार होता. ती भावाच्या घरी उतरली होती आणि तिनं सगळ्यांना बोलावलं होतं. तिथून पुढे पोळ्यासाठी वरूडला जायचं, म्हणून माळेची पिशवी डिकीत होती. प्राजक्ताला शाळेत परीक्षेचं काम होतं, ती दुसऱ्या दिवशी एसटीनं येणार होती. मागे अपेक्षा कानात गाणी घालून डोळे मिटून बसलेली. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा मनोज रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला,

"आई, एक सांग. खरं सांगजो."

"इचार."

"तू म्हणशीन तसं करू आपण. तू म्हणली जाऊ दे, तर जाऊ दे. पण मले एवढं सांग, तू तिले जाऊ दे म्हणशीन, म्हंजे तुले असं वाटते का, का तुनंही तवा जायले पायजे होतं?"

सुभद्रा बाहेर पाहत राहिली. दोन्ही बाजूंना कपाशी होती, पाती लागलेली.

"म्हंजे आमी नाही पायजे होतो का तुले?"

पंचेचाळिशीच्या जवळ आलेला माणूस, दुकानात दहा लोकांना ओरडणारा, पण हे विचारताना त्याचा आवाज सात वर्षांच्या पोराचा झाला होता. सुभद्रेला वाटलं आत्ता उत्तर द्यावं. पण जा म्हटलं तर याला लागेल आणि जाऊ नको म्हटलं तर त्या पोरीचं सगळं आयुष्य आपल्या जिभेवर राहील. ती म्हणाली, "गाडी चालव ना बापा नीट. पुढं ट्रक हाये."

\*

पौर्णिमेच्या भावाचं घर कॅम्प भागात होतं. पुढं व्हरांडा, त्यात वेताच्या खुर्च्या. पौर्णिमा काठी टेकत दारात आली. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, पण मान तशीच ताठ, आणि केस पांढरेशुभ्र मोकळे सोडलेले.

"आली का वरूडची पाटलीण! किती जाड झालीस गं सुभे!"

"तू काय बारीक आहे? काडीले लुगडं नेसवल्यावानी दिसून राहिली."

"भोपाळात चाळीस वर्षं राहून मराठी बिघडली माझी, तुझी मात्र वऱ्हाडी पार पक्की झाली. अमरावतीची होतीस ना?"

"तुझी मराठी तवाही बिघडलेलीच होती."

दोघी एकमेकींना धरून बराच वेळ हलल्या नाहीत. मनोज अवघडून बाजूला उभा होता. मग त्यानं वाकून नमस्कार केला. "मावशी, मी मनोज."

"अरे, तू तो! तुझ्यामुळे माझी जोडीदारीण गेली बरं का." पौर्णिमा थट्टेनं म्हणाली, पण मनोजचा चेहरा उतरला. सुभद्रेनं ते पाहिलं.

चहा झाला, चिवडा झाला. पौर्णिमा मोकळेपणानं बोलत होती. शिष्या, दौरे, गुडघे. "सणाला पोरी आपापल्या घरी जातात," ती म्हणाली. "मी मेसवालीला सुट्टी देते आणि ब्रेड खाते. सवय झाली." हे तिनं तक्रारीनं सांगितलं नाही. अपेक्षा तिच्या पायाशी चटईवर बसली होती.

"घुंगरं आणलीस?" पौर्णिमेनं विचारलं.

अपेक्षानं पिशवी पुढं केली. सुटी घुंगरं, वर आईनं ओवलेली दोनचार. पौर्णिमेनं पिशवी पाहिली, मग मनोजकडे पाहिलं, आणि ती परत दिली.

मनोज उठला. "मी जरा गाडी सावलीत लावतो," म्हणाला. ते निमित्त होतं, सावली सगळीकडेच होती. फाटकाबाहेरून डिकी उघडल्याचा आवाज आला. वरूडच्या लोकांसाठी आणलेल्या सामानातलं काहीतरी कललं असावं. त्यानं पिशव्या उचलून नीट ठेवल्या, आणि हौश्याची माळ हलली.

पौर्णिमा बोलता बोलता थांबली.

"ते काय वाजलं?"

"काही नाही," सुभद्रा म्हणाली.

"सुभे, ते काय वाजलं?" तिनं काठी टेकली, उठली, फाटकाकडे निघाली. "मनोज! ती पिशवी आण. हो, तीच. आण इकडं."

मनोजनं पिशवी आणली. "मावशी, हे काई तुमच्या नाचाचं नाही. आमच्या बैलाची माळ आहे. ट्रॅक्टरले बांधतो पोळ्याले."

पौर्णिमेनं माळ बाहेर काढली. हातात तोलली आणि एकदाच हलवली. मग तिनं भावाच्या सुनेला आतून आपली घुंगरं आणायला सांगितलं. एवढ्या वर्षांत दोरी अनेकदा बदलली असेल, पण घुंगरं तीच होती, मास्तरांनी दिलेली. तिनं ती हलवली. तोच आवाज. विहिरीत बोलल्यासारखा. एका ओताऱ्याच्या हातचं पितळ.

"बैलाची?" पौर्णिमा म्हणाली. "ही तुझ्या आईची आहेत रे. ही बांधून ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहायची. ही गाठ पाहा. ही गाठ कुणाची आहे? असा कोणता बैलवाला गाठ मारतो?"

माळेची बरीचशी दोरी मधल्या काळात बदलली होती, पण एका टोकाला जुनी दोरी तशीच होती, काळी पडलेली, दगडासारखी झालेली. मनोज ती गाठ पाहत राहिला. त्याला ती येत होती. लहानपणी आईनं दसऱ्याला झेंडूचे हार करताना शिकवली होती, दुहेरी फास आणि वरून उलटा वेढा.

"आई?"

"तुझ्या आजीले वाटलं माहेराहून बैलाले आणले," सुभद्रा म्हणाली. "गावभर सांगतलं आजोबानं. त्याईचा जीव तर आभाळात होता. आता पोळ्याच्या दिवशी बैलाच्या गळ्यातून काढून घेऊ का मी?"

पौर्णिमा आधी थक्क झाली, आणि मग हसायला लागली. हसता हसता तिला खुर्चीत बसावं लागलं. "बैलाच्या गळ्यात! मास्तरांची घुंगरं! अगं, मास्तर असते तर..."

"मास्तर म्हणले असते, बैल तालात चालते का?"

"चालायचा का?"

"तुझ्यापेक्षा बरा चालायचा."

अपेक्षाही हसत होती. मनोज मात्र हसत नव्हता. माळ मांडीवर घेऊन तो पायरीवर बसला होता.

"एवढे वर्षं मी हे कपाटात ठेवून राहिलो," तो म्हणाला. "तू दरवर्षी घासून देत होती. तू काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू रे? तुले ते आजोबाचे म्हणून आवडत होते. आवडू दिले."

"अन गाडीत मी इचारलं तं बोलली नाही."

सुभद्रा खुर्चीतून उठली आणि सावकाश पायरीवर त्याच्याशेजारी येऊन बसली. गुडघे तिचेही काही धड नव्हते.

"आता सांगतो, ऐक," ती म्हणाली. घरात बोलताना वरूडच्या कितीतरी बायांसारखी तीही 'मी सांगतो' असंच म्हणे. "तुझ्या बाबानं मले कधी नाही म्हणलं नाही. तुझ्या आजीनंही नाही. तू झाला तवा मले वाटलं, बरं झालं. खरंच वाटलं. अन बैल अंगणात आला का माझे पाय भानशीत, चुलीपुढं, आपोआप वाजत. तेही खरं. मले दोन्ही पायजे होतं, मनोज. तू पायजे होता अन ते पायजे होतं. पण सगळे मले इचारत, हे का ते? अन तूही आज गाडीत तेच इचारलं."

मनोजनं माळेतलं एक घुंगरू बोटांत फिरवलं.

"तू मले नसता पायजे, तं तुझ्यासाठी दरवर्षी हे घासले असते का मी? अन हे नसते पायजे, तं माझ्याच हातानं बांधले असते का?"

मग ती हळू आवाजात म्हणाली, "तिले इथं ठेवशीन तं ती राहीन. ती तुझं मन मोडणार नाही. माझ्यावानीच आहे ती. तेच मले नाही पायजे."

अपेक्षानं मान खाली घातली होती. मनोजनं तिच्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात विद्यापीठाची जागा होती, गल्लीत वाटलेले पेढे होते, आणि अकोल्यातल्या घरात ती गेल्यावर मोकळी राहणारी तिची खोली होती. बाप म्हणून त्याचं काय काय चाललं होतं ते सुभद्रेला न सांगता कळत होतं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवला असता तर तो रडला असता, आणि परक्याच्या व्हरांड्यात रडलेलं त्याला आवडलं नसतं.

"मावशी, कात्री आहे का?" मनोज म्हणाला.

कात्री आली. त्यानं माळ मधोमध कापली. जुन्या दोरीतून एकेक घुंगरू सोडवलं, दगड झालेल्या गाठी तेवढ्या दातानं सोडवाव्या लागल्या. मग अपेक्षाच्या पिशवीतली नवी दोरी काढली, पायाच्या अंगठ्याला एक टोक अडकवून ताणली, आणि मांडी घालून बसला. पहिलं घुंगरू ओवलं. दुहेरी फास. वरून उलटा वेढा. ओढून पाहिलं.

"हे बरोबर आहे ना, आई?"

"हाव. जरा घट्ट घे."

पौर्णिमा काठी मांडीवर आडवी टाकून पाहत बसली. हौश्याच्या गळ्यातून वर्षानुवर्षांत काही घुंगरं गळून बागेच्या मातीत गेली होती, आणि वामनरावांनी त्यांच्या जागी बाजारातली पातळ घुंगरं घातली होती. पौर्णिमा नुसती वाजवून ती वेगळी काढत होती. "हे नाही. हे नाही. हे आपलं." शेवटी दोन्ही पायांना पुरतील एवढी भरेनात. पौर्णिमेनं आपल्या जोडाला हात घातला.

"तुझे राहू दे," सुभद्रा म्हणाली. "तू अजून नाचाले उभी राहते."

"गुडघे पाहिलेस का माझे?"

"तरी राहू दे."

मग उरलेल्या जागी अपेक्षानं आणलेली नवी लावायची ठरली. "आवाज वेगवेगळा येईल," पौर्णिमा म्हणाली. "येऊ दे, ताई," अपेक्षा म्हणाली. आपल्या बाबतीतलं ती त्या दिवशी तेवढंच बोलली.

मनोज गाठी मारत राहिला. मध्येच त्यानं एक घुंगरू आईच्या हातात दिलं. "तूही मार. मावशीचं म्हणणं आहे ना, सगळ्याईनं माराव्या." सुभद्रेनं गाठ मारली. वेढा बरोबर पडला. प्राजक्तासाठी काही बाजूला ठेवली, ती उद्या वरूडला आल्यावर मारील म्हणून.

चहा पुन्हा एकदा झाला. ऊन व्हरांड्याच्या पायरीवरून खाली उतरलं. सुभद्रेला एकदम आठवलं.

"पुन्ने, तो चित्रपट तू पुढं कधी पाह्यला का? त्या दोन बहिणींचा?"

"पाहिला ना. परदेशात, एका शिष्येच्या घरी. पूर्ण पाहिला."

"मंग? आत जाते का ती?"

पौर्णिमा आठवू लागली. कपाळाला आठ्या घातल्या. मग तिनं मान हलवली.

"नाही गं आठवत. खरंच नाही. कधी आठवायला गेले की माझा शेवट आठवतो आणि तुझा. त्यांचा नाही."

"कोणता बरा होता?"

"आता विचारतेस?" पौर्णिमा म्हणाली. "म्हणे, पायरीवर बसून ऐकते. चाळीस वर्षं मला वाटायचं, ही काय ऐकत असेल तिथं वरूडला. आणि इथं ही बैल नाचवत होती."

मनोजनं शेवटची गाठ ओढली, दोरी दातानं तोडली आणि दोन्ही जोड अपेक्षाच्या ओंजळीत ठेवले. तिनं ते कपाळाला लावले. उठताना घुंगरं वाजलीच, काही खोल आवाजाची, काही पातळ. मनोजनं कान देऊन ऐकलं.

मग त्यानं बाजूला काढलेली बाजारातली घुंगरं आणि उरलेली काळी दोरी गोळा करून पिशवीत भरली.

"चला," तो म्हणाला. "उजेडात वरूडला पोचलं पायजे. नितेशले फोन करतो, यंदा ट्रॅक्टर मुकाच जाईन म्हणून."

"मुका काहून?" सुभद्रा म्हणाली. "ते पातळ आहेत ना. ते बांधू. ट्रॅक्टरले काय कळते!"